कोणताही डाग जातो (पुरावा सोबत जोडला आहे)

ती. ताईस,

तुझ्या एकुलत्या एक, आणि आईच्या मते एवढाच पुरे असलेल्या भावाचा वाकून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला 'आम्ही सगळे इकडे मजेत आहोत' असं लिहायचं असतं, एवढं मला कळतं. पण सध्या आमच्या बाजारात पुराव्याशिवाय काही लिहायची सोय राहिलेली नाही, म्हणून जपून लिहितो. आईचा गुडघा आहे तसाच आहे (पुरावा: जिना चढताना ती ज्यांची नावं घेते ते सगळे नातेवाईक). मी मजेत (पुरावा: पँट घट्ट झालीय). बाबांचं विचारशील तर, तब्येत कशी आहे म्हटलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणतात, आणि याला पुरावा धरायचा की नाही ते मला ठरवता येत नाही. तुझे हात थंडीत अजून फुटतात का, हातमोजे घालतेस की नुसते खिळ्याला टांगून ठेवतेस, ते कळव. हे आईनं विचारलंय. बाबांनी काही विचारलेलं नाही. (पण मी लिहायला बसल्यापासून ते उगाच या खोलीतून ये-जा करतायत, आणि ज्या कपाटात काही नाही ते उघडून बंद करतायत.)

तू म्हणशील, फोन करायचा सोडून हा निबंध कशाला. फोन केला की तू 'दुकानात गर्दी आहे' म्हणून ठेवतेस. मागे मी बाईच्या आवाजात 'अहो, पडद्यावर डाग पडलाय हो' असा फोन केला, तर तू म्हणालीस, 'बारक्या, आधी तोंड धू.' म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिलेलं मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं. पण देऊ नकोस.)

तर झालं असं, की बाजारात एक नवीन साहेब आलेत. त्यांचं काम एकच: दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत जे जे लिहिलंय ते खरं आहे का, ते बघायचं. खरं असेल तर पुरावा दाखवा, नसेल तर पुसा. मी त्यांना पाटीसाहेब म्हटलं आणि ते नाव चिकटलं, आता त्यांचा शिपाईसुद्धा चुकून तेच म्हणतो. माणूस शांत आहे, बारीक आहे, फिक्या राखाडी रंगाचा एकच कोट आहे आणि कुणी ओरडलं की तो कोटाची बटणं लावतो. त्यांनी बाजाराच्या तोंडाशी एक पेटी टांगली. कुणाला कुठल्या दुकानाचा दावा खोटा वाटत असेल त्यानं आत चिठ्ठी टाकायची. नाव लिहायची गरज नाही. आता तूच सांग ताई, नाव न लिहिता तक्रार करायची सोय, आणि बाजारात मी. माकडाच्या हाती कोलीत देतात, इथे तर कोलीत टांगून ठेवलं होतं.

पहिली चिठ्ठी मी क्लासवाल्या सरांवर टाकली. 'आमचा एकही विद्यार्थी आजवर नापास झालेला नाही' ही त्यांची पाटी तुला आठवत असेल. त्या पाटीखालून मी दोन वर्षं आत-बाहेर केलं आणि दोन्ही वर्षं नापास झालो. साहेबांनी विचारल्यावर सर म्हणाले, त्या मुलाला आम्ही विद्यार्थी धरत नाही, तो नुसता यायचा. मग साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि माझं नापास होणं नीट तपासलं. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या तरी कामाला आलं गं, इतकं बरं वाटलं! आता सरांच्या पाटीवर 'एक सोडून एकही विद्यार्थी नापास नाही' असं आहे, आणि बाजारात मला सगळे 'एक सोडून' म्हणतात. 'ए एक सोडून, चहा सांग.' चालायचंच. प्रसिद्धी ती प्रसिद्धी.

दुसरी चिठ्ठी समोरच्या गादीवाल्या काकांवर. 'पाठ टेकताच झोप!' साहेब भर सकाळी कोट घालूनच तिथं आडवे झाले. काका डोक्याशी उभे राहून सारखे, 'आली का? येतेय का?' अशी चौकशी करणार, मग कुणाला झोप येईल? काकांनी दिवा घालवला, पंखा हळू केला, शटर अर्धं ओढलं. मी बाहेरून शटर वाजवत होतो (चिठ्ठी माझी, तेव्हा थोडी जबाबदारीही माझी). बऱ्याच वेळानं साहेब उठून बसले आणि म्हणाले, 'तुमच्या गादीचा दोष नाही हो. मला घरीही येत नाही.' पण नियम तो नियम. आता काकांच्या पाटीवर 'पाठ टेकता येते' एवढंच उरलंय. आणि शटर वाजवताना काकांनी मला पकडलं. माझी कॉलर धरून म्हणाले, 'दुसऱ्यांच्या पाट्या वाचतोस होय रे? स्वतःच्या बापाची वाच की जरा.' आणि त्यांनी आपल्यावर चिठ्ठी टाकली. एक नाही, दोन. दोन्हीवर नाव लिहून, वर मोबाईल नंबरसुद्धा.

आपल्या लाँड्रीच्या पाटीबद्दल तुला मी काय सांगायचं? सगळं तिच्यावरूनच तर झालं. ती बाबांनी स्वतः काढलेली इस्त्री, जिची वाफ वर जायच्या ऐवजी खाली जाते. त्याखाली मोठ्या अक्षरांत 'कोणताही डाग जातो'. त्याखाली बारीक अक्षरांत 'आमची कुठेही शाखा नाही'. तू म्हणालीस, बाबा, कोणताही नका लिहू, बहुतेक लिहा. बाबा म्हणाले, बहुतेक वाचून कोण पायरी चढेल? डॉक्टर लिहितो का, बहुतेक पेशंट वाचतात म्हणून? तू म्हणालीस, काउंटरवर मी असते, लोकांच्या डोळ्यांत बघून खोटं मला बोलावं लागतं. बाबा म्हणाले, दुकान माझं, पाटी माझी. लोकांची जमिनीवरून भांडणं होतात, लग्नावरून होतात. आपल्याकडे एका शब्दावरून झालं, तोही रंगवलेला. तू कपडे भरायला लागलीस तेव्हा आईला वाटलं, गिऱ्हाइकांचे आवरतेयस. नेलंस काय, तर तुझा तो ब्रश. एप्रन इथंच राहिला, खिळ्याला. त्याला कुणी हात लावत नाही. मी एकदा त्यानं सायकल पुसायला घेतली होती, तर बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सायकलच विकावी की काय असा विचार करायला लागलो.

आणि ताई, गंमत बघ. तू होतीस तेव्हा ती पाटी जवळजवळ खरी होती. तू गेल्यावर खोटी झाली. तुझ्या त्या बाटल्या ओळीनं आहेत तशाच आहेत, पण कुठलीत काय ते तुलाच माहीत. बाबा एकेक उघडून वास घेतात, शिंकतात आणि अंदाजानं ओततात. डाग जातो, नाही असं नाही. पण जाताना शर्टाचा रंगही सोबतीला घेऊन जातो. परवा एका बाईंचा निळा ब्लाउज त्यांना पांढरा परत मिळाला. त्या म्हणाल्या, हा माझा नाही. बाबा म्हणाले, तुमचाच आहे, नीट बघा. त्या म्हणाल्या, तुमची मुलगी कुठे आहे? बाबा म्हणाले, बाहेर गेलीय, येईल इतक्यात. (हे ते सगळ्यांना सांगतात. याची चिठ्ठी टाकावी असं माझ्या मनात आलं होतं. टाकली नाही.)

अजूनही कठीण डाग आला की ते कापड हातात धरून, मान वर न करता, मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारतात, 'अगं, हे बघ जरा.' आणि मग त्यांच्या लक्षात येतं. एकदा मी मागेच होतो. म्हटलं जरा गंमत करू, आणि तुझ्या आवाजात ओरडलो, 'आलेऽऽ बाबा!' तुझा आवाज मला किती छान जमतो ते तुला माहीत आहे. ते पडदा सारून आले. ताई, ते ज्या चेहऱ्यानं आले ना, तो मी या घरात माझ्यासाठी कधी बघितलेला नाही. मला बघून म्हणाले, 'हां, तू होय,' आणि शर्ट माझ्या हातात देऊन परत गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी तो आवाज काढत नाही. (तुला केलेला पडद्याचा फोन वेगळा. तो माझ्या स्वतःच्या बाईचा आवाज होता.)

तर पाटीसाहेब आपल्याकडे आले. पहिली चिठ्ठी 'कोणताही डाग' यावर होती. बाबा म्हणाले, आणा कुठलाही डाग. साहेब म्हणाले, आणलाय, आणि त्यांनी अंगातला कोटच काढून दिला. खिशाशी शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा डाग, बटणाएवढा. दिवसभर दुकानांवर शिक्के मारत फिरतात, त्यातला एक त्यांच्यावरच उमटला. बाबांनी बाह्या सरसावल्या. घरी जेवायलासुद्धा आले नाहीत, डबा मी नेऊन दिला, आणि तुझ्या बाटल्यांचे वास घेऊन घेऊन त्यांचे डोळे लाल झाले होते. संध्याकाळी डाग फिका झाला होता, कोट वाळत घातला. आणि दुसऱ्या दिवशी साहेब आले, बाबांनी कोट काउंटरवर पसरला, तर डाग तळहाताएवढा! गर्द जांभळा, एखाद्या बेटाच्या नकाशासारखा. बाबांनी कोट उचलून वास घेतला, उलटा करून अस्तर बघितलं, पुन्हा वास घेतला. मग म्हणाले, 'हा माझ्यानं जात नाही.' बाबा, ताई. आपले बाबा. गादीवाले काका मजा बघायला दारात येऊन उभे होते, तेसुद्धा जरा मागे सरकले.

साहेबांना वाईट वाटलं असावं, कारण ते नसलेल्या कोटाची बटणं लावायला लागले. पण दुसरी चिठ्ठी होतीच: 'आमची कुठेही शाखा नाही' हे खोटं आहे म्हणून. काकांची मेव्हणी तुझ्याच गावात राहते, हे आपल्याला कुठे ठाऊक होतं! तिनं तुझ्या दुकानाचा फोटो काढून पाठवला होता. काकांनी फोन काउंटरवर ठेवला, पत्ते खेळताना एक्का ठेवावा तसा. बाबांनी चष्मा लावला. फोटो मोठा कसा करतात ते त्यांना येत नाही, ते फोनच डोळ्यांशी नेत होते, म्हणून मी दोन बोटांनी मोठा करून दिला. तर तीच इस्त्री. तीच खाली जाणारी वाफ. (ती चूक आहे हे तुला माहीत असून तू तशीच काढलीस ना? खरं सांग.) त्याखाली, 'बहुतेक डाग जातात. जाणार नसेल तर आधीच सांगू.' बाबांनी 'बहुतेक' हा शब्द मोठ्यानं वाचला, भाजीत खडा लागावा तसा. आणि त्याच्या खाली, जिथं आपल्याकडे शाखेची ओळ आहे, तिथं नुसती रिकामी पट्टी. काहीच नाही लिहिलेलं.

'ही जागा का सोडलीय?' बाबांनी विचारलं, कुणालाच नाही असं.

'पेंटरचा रंग संपला असेल,' काका म्हणाले.

साहेब म्हणाले, 'हे बघा, मला एवढंच सांगा, ही तुमची शाखा आहे का? हो म्हणालात तर तुमची पाटी खोटी. नाही म्हणालात तर त्यांनी तुमची इस्त्री उचललीय, मग मी त्यांना ती पुसायला लावतो.' चिठ्ठ्यांचा खेळ मी सुरू केला, आणि आता बाबा तुला एका शब्दात परकी करणार की स्वतःला खोटं पाडणार, यावर येऊन ठेपलं. बाबांनी काउंटरवरचा कुणाचा तरी शर्ट घडी केला. उलगडला. पुन्हा घडी केला. मग फोनकडे न बघता म्हणाले,

'ती शाखा नाही. ते मुख्य दुकान आहे. शाखा ही आहे.'

मला तेव्हा काहीतरी विनोद करायचा होता. सुचला नाही. (हे कुठेतरी लिहून ठेव, पुन्हा होणार नाही.) साहेब म्हणाले, 'मग कोणताही डाग जातो, याचा पुरावा?' बाबा म्हणाले, 'तो मुख्य दुकानात आहे.' साहेब म्हणाले, 'ठीक आहे, कोट तिकडे पाठवा. पुरावा आला की बघू.' काका रस्ता ओलांडून गेले आणि थोड्या वेळानं त्यांनी चहा पाठवला, आम्हा सगळ्यांना, मला पण. ('एक सोडून' न म्हणता.)

तोच कोट या पत्रासोबत पाठवतोय. साहेब सध्या बायकोच्या लोकरी जाकिटात फिरतात आणि शिंकतात, त्यामुळे लोक त्यांना घाबरेनासे झालेत. तरी जमेल तितकं लवकर बघ. बाकी तुझी आठवण वगैरे येते असं पत्राच्या शेवटी लिहायचं असतं, पण पुरावा काय देणार? मागच्या खोलीतलं तुझं स्टूल मी माझ्यासाठी पुढे आणलं होतं, ते परत नेऊन ठेवलंय. एवढंच आहे माझ्याकडे. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर तिथं तुझ्याहून मोठं कुणी नाही, म्हणून तुलाच पुन्हा एकदा.

तुझा लाडका (हा माझा दावा आहे),
बारक्या

ता.क. कोट टपालानं परत पाठवू नकोस. टपालात चुरगळतो. साहेबांचा एकुलता एक कोट आहे, हातात धरून, स्वतः घेऊन आलेलं बरं. परतीच्या गाडीचं नंतर बघू.

ता.क. वरचं मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'तिला उगाच धावपळ कशाला.' मग कपाट उघडून बंद केलं आणि म्हणाले, 'यायचंच असेल तर सकाळच्या गाडीनं ये म्हणावं, ऊन लागत नाही.'

ता.क. हे मात्र त्यांना वाचून दाखवलेलं नाही. तो डाग बाबांनी त्या दिवशी जवळजवळ काढला होता. खरंच. बोटानं चाचपून शोधावा लागत होता. मला वाटलं, हा पूर्ण गेला तर संपलंच. पाटी खरी ठरणार, बाबा ताठ होणार, तुला कुणी बोलावणार नाही. म्हणून कोट वाळत होता तेव्हा मी शिक्क्याच्या शाईची आख्खी बाटली आणून त्यावर उपडी केली. तू रागावशील ते मी बघून घेईन, पण समोर उभी राहून रागाव.

ता.क. मला वाटत होतं, हे कुणाला कळलेलं नाही. पण बाबांनी तो कोट दुसऱ्यांदा हुंगला ना, त्यानंतर त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं होतं. मी हात मागे घेतले. जांभळी बोटं काही लवकर जात नाहीत. जुन्या आणि ताज्या शाईतला फरक त्या माणसाला वासावरून कळणार नाही होय? साहेबांसमोर एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. त्याऐवजी ते म्हणाले, 'हा माझ्यानं जात नाही.'

ता.क. एक राहिलंच. साहेब गेल्यावर बाबांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि शाखेची ओळ पुसली. मग 'कोणताही' पुसलं. आता आपल्या पाटीवर नुसतं 'डाग जातो' आहे आणि त्याच्या आधी रिकामी जागा. मी म्हटलं, 'बहुतेक' मी लिहितो, माझं अक्षर बरं आहे. तर म्हणाले, 'तू हात लावू नकोस. जिचा शब्द आहे ती लिहील.' रंगाचा डबा उघडून ठेवलाय. वाळू नये म्हणून रोज दुकान उघडलं की आधी तो ढवळतात, आणि मग इस्त्री तापत ठेवतात.